थर्ड अँगलचा न झालेला तास

नागपुरात सक्करदऱ्याच्या आमच्या घराच्या फाटकावर 'शेंडे, ड्रॉइंग इन्स्ट्रक्टर' अशी पाटी होती, तेव्हा दर गणपतीत कोणीतरी मखराचं चित्र काढून मागायला यायचं. एकदा शेजारच्या गल्लीतले एक गृहस्थ वारलेल्या वडिलांचा फोटो घेऊन आले. म्हणाले, "याच्यावरून मोठं चित्र काढून द्या जी. मिशी मात्र जरा भरदार काढा. शेवटी शेवटी बारीक झाली होती." मी सांगितलं, मला माणसाचं नाक काढता येत नाही. ते रागावून निघून गेले. ड्रॉइंगचा मास्तर आणि नाक काढता येत नाही म्हणतो, म्हणजे हा शिष्टपणाच, असं त्यांना वाटलं असणार.

शिष्टपणा नव्हता. तीस वर्षं मी पोरांना ड्रॉइंग शिकवलं आणि त्यात एकदाही माणूस काढला नाही. आमचं ड्रॉइंग यंत्राच्या भागांचं. जी वस्तू अजून बनलेलीच नाही, ती कागदावर इतकी नेमकी मांडायची, की ज्याने ती कधी पाहिली नाही अशा कारागिरानेही कोणाला काही न विचारता ती बनवावी. हे काम ड्राफ्ट्समनचं. इंजिनिअर डोकं चालवतो, वेल्डर हात चालवतो, आणि त्या दोघांमधला कागद ज्याचा असतो त्याचं नाव कोणाला ठाऊक नसतं. काम बरोबर झालं तर कोणी विचारत नाही. चुकलं तर मात्र कागद शोधला जातो.

मी जिथे शिकवत होतो त्या नागपूरच्या संस्थेचं नाव इथे लिहीत नाही. संस्थेने माझं काही वाईट केलेलं नाही. जे झालं ते मी केलं.

मी बरा शिक्षक होतो, एवढं आधी सांगू द्या. नंतर सांगायला तोंड राहणार नाही. पहिले पंधरा दिवस मी पोरांना पेन्सिल हातात घेऊ द्यायचो नाही. प्रत्येकाने घरून एक मोठा बटाटा आणि चाकू आणायचा. बटाट्याचा चौकोनी ठोकळा करायचा, त्याला पायरी कापायची, खाच पाडायची, आणि मग तो डोळ्यांसमोर धरून आधी समोरून, मग वरून, मग बाजूने बघायचा. "सर, आम्ही ड्रॉइंगले आलो का भाजीले?" असं दर वर्षी कोणीतरी विचारायचंच. पण एका वस्तूच्या तीन बाजू तीन वेगवेगळ्या चित्रांत मांडायच्या आणि ती तीन चित्रं पाहून डोक्यात पुन्हा एकच वस्तू उभी करायची, हे सगळ्या ड्राफ्टिंगचं मूळ आहे. ज्याला ते जमलं त्याला पुढचं सगळं जमतं.

सुषमाला ते पहिल्याच दिवशी जमलं.

ती काटोलची. तिचे वडील नामदेवराव तिथल्या संत्र्याच्या बाजारात माल निवडायचं काम करत. प्रवेशाच्या दिवशी ते तिच्याबरोबर आले होते. कागदपत्रं माझ्या टेबलावर ठेवून उभेच राहिले.

"मास्तर, हे लाइन पोरीच्या कामाची आहे का जी? घन-हातोडा तर नाही ना मारा लागत?"

"नाही. बसून करायचं काम आहे."

"मंग नोकरी लागन?"

मी सगळ्यांना सांगायचो तेच त्यांना सांगितलं. "इकडे हिंगण्याचे कारखाने आहेत, तिकडे बुटीबोरीचे, आता मिहान आहे. चांगल्या ड्राफ्ट्समनला नागपुरात काम कमी नाही." त्यांनी मान हलवली आणि मुलीकडे असं पाहिलं, जणू नोकरी लागलीच.

बटाट्याच्या तासाला सुषमाने बटाटा कापलाच नाही. फळ्यावरचा ठोकळा नुसता पाहून तिने, पेन्सिलीची बंदी मोडून, तिन्ही बाजू काढून आणल्या, आतल्या भोकाच्या तुटक रेषांसकट. मला वाटलं कुणाचं तरी पाहून काढलं.

"कापल्याशिवाय कसं काय काढलं वं?"

"दिसते ना सर."

"काय दिसते?"

"आतलं." आणि तिला वाटलं आपलं काही चुकलं. "नाही दिसाले पायजे का?"

अशी विद्यार्थिनी दहा वर्षांतून एकदा येते. बाकीच्यांना दोन वर्षं शिकवून जे येतं ते ती घेऊन आली होती. मला तिचा अभिमान वाटायचा, आणि वर्गात मी तो लपवायचोही नाही.

दुसऱ्या वर्षी संस्थेत नवे कम्प्युटर आले. आता सगळं ड्रॉइंग पडद्यावर करायचं, असा हुकूम निघाला. लाकडी बोर्ड आणि रेघा ओढायचे टी-स्क्वेअर कोठीघरात रचून ठेवले. पोरं खूश झाली. कॅड, म्हणजे कम्प्युटरवरचं ड्रॉइंग, शिकलं की नोकरी, हे त्यांनी शहरभरच्या जाहिरातींवर वाचलं होतं. माझी मात्र पाचावर धारण बसली. माझं वय छप्पन्न. कागदावर केसाएवढी बारीक रेघ न थरथरता ओढणारा हा हात, माऊस धरला की बावचळायचा. आम्हा शिक्षकांना चार दिवसांचं ट्रेनिंग दिलं गेलं. त्यातलं मला चहा कुठे मिळतो तेवढं समजलं.

पोरांसमोर फजिती व्हायला लागली. मी शिकवायला उभा राहायचो आणि मागच्या बाकावरून कोणीतरी हळूच म्हणायचं, "सर, तसं नाही होत ते." शेवटी एके दिवशी तास संपल्यावर मी सुषमाला थांबवलं.

"मले हे जमून नाही राहिलं. तू शिकवशील का?"

तिला हसू आलं नाही, हे तिचे उपकार. माझ्या शेजारी खुर्ची ओढून बसली. "सर, घाबरू नका. काही बिघडत नाही याचं. तुम्ही रेघेचा विचार नका करू, वस्तूचा करा. बाकी ते करते."

आठ दिवस मी तिच्याकडे शिकलो. वर्गाच्या तासालाच. बाकीची पोरं आपापल्या कम्प्युटरवर जुने धडे गिरवत बसायची आणि मी कोपऱ्यात सुषमाच्या शेजारी बसून कम्प्युटरच्या आज्ञा घोकायचो. त्या आठवड्यात वेळापत्रकात एक धडा होता. तो राहिला.

तो धडा थोडक्यात सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही. टेबलावर एक वस्तू ठेवा आणि डाव्या बाजूने तिच्याकडे पाहा. जे दिसलं त्याचं चित्र कागदावर कुठे काढायचं? आपल्याकडच्या रीतीत ते समोरच्या चित्राच्या उजवीकडे काढतात. तिला फर्स्ट अँगल म्हणतात. अमेरिकेकडे ते डावीकडेच काढतात, तो थर्ड अँगल. कागदाच्या कोपऱ्यात एक छोटं चिन्ह असतं, त्यावरून कुठली रीत आहे ते कळतं. रीत ओळखण्यात गफलत झाली तर वस्तू आरशात पाहिल्यासारखी उलटी बनते. डाव्या पायाचा जोडा उजव्याचा होतो.

हा धडा मी चार तासांत शिकवायचो. चार-पाच वस्तू दोन्ही रीतींनी काढून घ्यायचो. त्या वर्षी मी कम्प्युटरवरून मान वर करून एवढंच म्हणालो, "थर्ड अँगल अमेरिकेवाल्यांचं आहे. आपल्याकडे चालत नाही. कोपऱ्यातलं चिन्ह पाठ करून ठेवा, दोन मार्काले येते." आणि पुन्हा पडद्याकडे वळलो.

वर्ष संपताना रोजच्या तासांची डायरी भरायची असते. मी सगळ्यांसारखीच एका बैठकीत भरली. त्यात लिहिलं: थर्ड अँगल, माहिती व सराव, चार तास. खाली सही केली.

सुषमा पहिली आली. हिंगण्याकडच्या एका कारखान्यात तिला लगेच काम मिळालं. पेढे घेऊन आली. "ड्रॉइंग सेक्शनमध्ये मी एकटीच पोरगी आहो सर. पण साहेब म्हणतात, हिच्या ड्रॉइंगमध्ये चूक सापडत नाही." त्या दिवशी मी स्टाफरूममध्ये तो पेढ्यांचा डबा स्वतः फिरवला.

दोन वर्षांनी एका रविवारी सकाळी ती माझ्या घरी आली. हातात कागदाची गुंडाळी होती. बस म्हटलं तरी बसेना.

"सर, आमच्या इथे एक माणूस पडला."

मग तिने सगळं सांगितलं. कारखान्याकडे बाहेरच्या देशातून आलेलं काम होतं. मोठ्या यंत्राभोवती उंचावर माणसांना चालायला लोखंडी जाळीची वाट करायची होती आणि ती जाड वाकवलेल्या पट्ट्यांवर बसवायची होती. मूळ कागद तिकडचे. त्यावरून आपल्या कारागिरांसाठी नवी ड्रॉइंग करायचं काम सुषमाकडे आलं. तिने केली. त्याप्रमाणे सगळ्या पट्ट्या कापून, वाकवून तयार झाल्या. बसवायला गेले तर त्या उलट्या बाजूला वाकलेल्या. काम उरकायची घाई होती. तिथल्या सुपरवायझरने त्या परत पाठवण्याऐवजी तापवून उलट्या वाकवल्या आणि कडेला नवी भोकं पाडून ठोकून बसवल्या. पंधरा दिवसांनी त्यातली एक फाटली. वर भाऊराव नावाचा फिटर उभा होता. तो खाली सिमेंटवर पडला. कमरेचं हाड मोडलं.

सुषमाने गुंडाळी माझ्या पलंगावर उलगडली. बाहेरून आलेला मूळ कागद होता. मी आधी कोपऱ्यातच पाहिलं. थर्ड अँगलचं चिन्ह स्पष्ट होतं.

ती माझ्या तोंडाकडे पाहत होती. "ते चिन्ह मले पाठ होतं सर. पाहिलं बी होतं. पण त्याच्यानं नेमकं उलटं काय होते, ते नव्हतं माहीत. मले वाटलं, नुसती लिहाची पद्धत असते."

कागदाचं टोक पुन्हा गुंडाळलं जात होतं, ते मी हाताने दाबून धरलं.

"ड्रॉइंग तपासून सही कराले एक साहेब असतात. त्यांनी न पाहता सही केली. सुपरवायझरनं पट्ट्या तापवल्या. पण आता सगळे म्हणून राहिले का पोरीनं उलटं काढलं. मी सांगितलं, आम्हाले हे शिकवलं नव्हतं. ते तुमच्या ऑफिसले लिहून विचारणार आहेत. तुम्ही फक्त खरं सांगा, सर."

"सांगतो," मी म्हणालो.

ती गेली तेव्हा तिच्या चालण्यात जरा जोर आला होता. ते मला अजून दिसतं.

चौथ्या दिवशी प्राचार्यांनी मला बोलावलं. समोर कारखान्याचं पत्र होतं आणि शेजारी माझी डायरी, त्या पानावर उघडलेली.

"शेंडे, हे शिकवलं आहे ना?"

मी डायरीकडे पाहिलं. माझंच अक्षर. माझीच सही.

"तुमचे रिटायरमेंटले तीन महिने राहिले," ते म्हणाले. आवाजात धमकी नव्हती, काळजीच होती. "नाही म्हणाल तर ही डायरी खोटी ठरते. मग मागच्या सगळ्या डायऱ्या काढतील. तुमच्याच नाही, सगळ्यांच्या. एका पोरीसाठी."

मी उभा होतो. त्यांनी उत्तर टाइप करूनच ठेवलं होतं. सदर विषय अभ्यासक्रमाप्रमाणे पूर्णपणे शिकवण्यात आलेला आहे. खाली माझ्या सहीसाठी जागा.

आमच्या आजोबांनी धम्मदीक्षा घेतली तेव्हापासून आमच्या घरात देव्हारा नाही. त्या जागी पुस्तकांचं कपाट आहे. लहानपणी खोटं बोललो तर वडील त्या कपाटासमोर उभं करायचे. हे सगळं त्या क्षणी मला आठवलं, असं लिहिता आलं असतं तर बरं झालं असतं. आठवलं नाही. मला आठवलं ते एवढंच, की निरोप समारंभाच्या पत्रिका छापायला गेल्या आहेत. मी पेन काढलं आणि सही केली.

सुषमाला काढून टाकलं. तपासणाऱ्या साहेबांना ताकीद मिळाली. सुपरवायझर दुसऱ्या खात्यात गेला. भाऊराव काठी घेऊन चालायला लागला, पण पुन्हा उंचावर काय, यंत्रापाशीही उभा राहू शकला नाही. तो दवाखान्यात असताना मी एकदा गेलो होतो. वॉर्डाच्या दारातून त्याची खाट दिसली. बायको त्याच्या तोंडाला पाण्याचा पेला लावत होती. मी दारातूनच परत आलो. मी कोण म्हणून आत जाणार होतो?

निरोप समारंभात सगळ्यांनी भाषणं केली. शेंडे सरांनी पिढ्या घडवल्या, असं प्राचार्य म्हणाले. टाळ्या झाल्या. मला शाल आणि नारळ दिला. सुषमाला आमंत्रण गेलं नव्हतं. मी यादीत तिचं नाव घातलंच नव्हतं.

सुषमाला त्यानंतर ड्रॉइंगचं काम मिळालं नाही. आमच्या धंद्यात माणसं थोडी, सगळे एकमेकांना ओळखतात. 'ती उलट्या पट्ट्यांवाली पोरगी' एवढं पुरेसं होतं. मिहानमध्ये तिला एका ठिकाणी बोलावलं होतं. आधीची नोकरी काहून सुटली, हे विचारल्यावर तिने खरं सांगितलं आणि तिथून फोन आला नाही. हे मला तिच्या वर्गातल्या एका मुलाकडून कळलं. मग ती काटोलला परत गेली, तेही त्याच्याकडूनच.

मला तिच्याकडे जायला तीन वर्षं लागली. दर महिन्याला ठरवायचो आणि दर महिन्याला काही ना काही निघायचं. मागच्या हिवाळ्यात एकदा बसमध्ये बसलोच.

स्टँडजवळ विचारत विचारत गेलो. दोन दुकानांच्या मध्ये एक चिंचोळा गाळा होता. बाहेर 'सर्व ऑनलाइन फॉर्म भरून मिळतील, झेरॉक्स' असा बोर्ड. आत सुषमा कम्प्युटरसमोर बसली होती. मला पाहून उठली, पाया पडली, स्टूल पुसून दिलं. चहा मागवला. तब्येत विचारली. मी इकडचं तिकडचं बोलत राहिलो. शेवटी ती म्हणाली, "सर, कशासाठी आले ते बोला."

"मी त्या पत्रावर खोटी सही केली," मी म्हणालो. "तो तास झाला नव्हता. मला माहीत होतं."

"मलेबी माहीत होतं ना सर."

"मी आता कारखान्याला लिहून देतो. संस्थेला देतो. ज्याला म्हणशील त्याला..."

तिने कीबोर्ड बाजूला सरकवला. मग म्हणाली, "माझ्याजवळ त्या वर्षीची वही होती. रोजची तारीख टाकून कोणत्या तासाले काय झालं ते मी लिहून ठेवत होती. त्या आठ दिवसांच्या पानांवर लिहिलं होतं, 'सरांले कम्प्युटर शिकवला.' चौकशीच्या दिवशी वही घेऊन गेली होती मी. साहेबाच्या केबिनमध्ये मांडीवर ठेवून बसली होती."

"मग दाखवली काहून नाही?"

"त्यांनी आधी तुमचं पत्र वाचून दाखवलं. खाली तुमची सही होती." तिने माझ्याकडे पाहिलं नाही. "मले वाटलं, सरांनी सही केली म्हणजे सरांची काहीतरी मोठी अडचण असन. अन् मी वही काढली तर तिथे सगळ्यांसमोर तुम्ही खोटे पडता. मंग नाही काढली."

मला वाटत होतं ती रागावेल, रडेल, निघून जा म्हणेल. त्यासाठी मी तयार होऊन आलो होतो. याच्यासाठी नव्हतो.

"आतातरी ती वही दे," मी म्हणालो.

"नाही आता. जाळली." मग अगदी साध्या आवाजात म्हणाली, "सर, भाऊरावले मीच पाडलं ना. शिकवलं नव्हतं हे खरं आहे. पण चिन्ह पाहिलं होतं मी. कोणाले विचारता आलं असतं. तुम्हालेच फोन करता आला असता. मले वाटलं, मले येते सगळं." एक बाई उत्पन्नाच्या दाखल्याचा फॉर्म घेऊन आली आणि सुषमा तिचा आधार नंबर टाइप करायला लागली. बोटं भराभर चालत होती. मी आणखी अर्धा तास बसलो. गिऱ्हाईकं येतच राहिली.

स्टँडवर नामदेवराव भेटले. मुलीने फोन करून सांगितलं असावं. काम टाकून आले होते. त्यांना काही माहीत नाही, हे मला पहिल्याच वाक्यात कळलं. त्यांनी माझे दोन्ही हात धरले. "मास्तर, तुमच्यामुळं पोरगी कम्प्युटर शिकली. कारखाना काही तिले मानवला नाही, पण दुकान चालते. तुमचे उपकार आहेत जी." त्यांनी मला बसमध्ये खिडकीची जागा धरून दिली आणि बस हलेपर्यंत खाली उभे राहिले.

परत येऊन मी कारखान्याला आणि संस्थेला सगळं लिहून पाठवलं. संस्थेत प्राचार्य बदलले आहेत. तिथून पोच आली, दुसरं काही नाही. कारखान्याकडून तेही आलं नाही. भाऊरावच्या घरी मात्र या वेळी आत गेलो. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "मले तर त्या पोरीचं नावबी माहीत नव्हतं."

एका खाजगी कॅड क्लासवाल्यांनी मला शिकवायला बोलावलं होतं. सहा महिन्यांत करिअर, असं त्यांच्या दारावर लिहिलेलं आहे. केस पांढरे झालेला सर हवा असतो त्यांना, पालकांना विश्वास वाटतो म्हणून. मी नाही म्हणालो. माझ्या नाही म्हणण्याने कोणाचं काही भलं होणार नाही, हेही मला समजतं. तिथे आता जो शिकवेल तोही सहा महिन्यांत काही ना काही सोडूनच देईल.

या दिवाळी अंकासाठी लेख मागितला तेव्हा मी बटाट्याच्या तासावर लिहायला घेतलं होतं. दोन पानं झाली आणि पुढे जाईना. मग हे लिहिलं आणि सुषमाला फोन केला. छापू का, म्हणून विचारलं. तिने सगळं वाचून दाखवायला लावलं. संपल्यावर बराच वेळ दुकानातल्या मशीनचा आवाज येत राहिला.

"छापा," ती म्हणाली. "फक्त माझं नाव बदला, सर. तुमचं राहू द्या."

तसं केलं आहे.